ड्यूक एलिंग्टनची पूर्वयात्रा

महाराष्ट्रांतल्या कुटुंबांना मैनेची किंवा तिच्या जातभाई साळुंकीची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. अंगणांत, गच्चीवर, रेल्वेच्या फलाटावर साळुंकी भेटते. आणि तिच्या बडबडीकडे बहुधा कोणी लक्षहि देत नाहीं. १९६३ सालच्या सप्टेंबरांत दिल्ली येथें एका अमेरिकन संगीतकारानें मात्र अशाच एका पांखराकडे लक्ष दिलें. बिली स्ट्रेहॉर्न हें त्याचें नांव. त्याच्या मुक्कामाच्या खोलीपाशीं एक मैना येई आणि दर खेपेस तोच एक छोटा, गोड स्वरसमूह गाऊन दाखवी. स्ट्रेहॉर्न तिच्याशीं बोलूं पाही; ती दाद देत नसे. अखेर तो निघाला त्या दिवशीं तिनें खालच्या पट्टींतला, अंमळ उद्धट म्हणावा असा एक आवाज काढून त्याला निरोप दिला, अशी हकीकत त्याच्या मंडळींत पुढें सांगितली जात असे. तीन वर्षांनीं न्यूयॉर्क येथें ती मैना क्लॅरिनेटच्या रूपानें तबकडींत जाऊन बसली. रचनेला नांव मिळालें ‘ब्ल्यूबर्ड ऑफ डेल्ही’. ब्ल्यूबर्ड हा अमेरिकेंतला निळा पक्षी. मैना कांहीं निळी नव्हे. पण नांवांच्या बाबतींत ही तबकडी एकंदरींतच बेफिकीर आहे, हें पुढें दिसून येईल.

‘द फार ईस्ट स्वीट’ ही ती तबकडी. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदानें ती १९६६ च्या डिसेंबरच्या १९, २० व २१ या तीन दिवसांत वाजविली आणि आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीनें १९६७ सालीं प्रसिद्ध केली. तींत एकंदर नऊ रचना आहेत. फार ईस्ट म्हणजे अतिपूर्व. परंतु नवांपैकीं शेवटची जपानविषयक रचना सोडली तर अतिपूर्वेचा मागमूसहि तींत लागत नाहीं. दमास्कस, लेबनॉनचा एक डोंगर, इराणांतलें इस्फहान, इकडे दिल्ली व आग्रा, अशीं तींतलीं स्थळें. वॉशिंग्टनहून पाहणाराला हा सारा प्रदेश सारखाच दूर व सारखाच पूर्वेस दिसला असेल तर नवल नाहीं. तथापि ज्या गांवचे आपण नव्हे त्या गांवचें नांव सुरांच्या एका गुंफणीला द्यावयाचें, याचा अर्थ काय, हा प्रश्न त्या नांवामुळेंच उभा राहतो. आणि एलिंग्टनपुरतें त्याचें उत्तर शोधूं गेल्यास त्याच्या आयुष्यांत बरेंच मागें जावें लागतें.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन याचा जन्म वॉशिंग्टन शहरीं २९ एप्रिल १८९९ रोजीं झाला. ‘ड्यूक’ ही पदवी त्याला राजानें दिली नव्हती. पोषाखाच्या व बोलण्याच्या ऐटीवरून मित्रांनीं दिलेलें तें नांव होतें. १९२७ च्या डिसेंबरांत त्याचा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील कॉटन क्लब या नाट्यगृहवजा भोजनालयांत कामाला लागला. तेथील व्यवस्था मोठी चमत्कारिक होती. नाचणारे, गाणारे, वाजविणारे सारे कृष्णवर्णी. समोर बसून पाहणारे सारे गोरे. रंगमंचावर आफ्रिकेच्या अरण्याचा देखावा उभारावयाचा, आणि त्याला साजेसें म्हणून जें वाजवावयाचें त्याला ‘जंगल संगीत’ असें नांव द्यावयाचें, हा तेथील परिपाठ. वॉशिंग्टनच्या सुखवस्तु घरांत वाढलेल्या एलिंग्टननें अर्थातच तें अरण्य कधीं पाहिलें नव्हतें. घोगऱ्या तुताऱ्यांतून त्यानें अपूर्व नाद निर्माण केले, यांत शंका नाहीं. परंतु एखाद्या भूमीचें खोटें चित्र पैसे देणाऱ्यांपुढें कसें मांडलें जातें, याचा अनुभव त्याला तेथेंच मिळाला.

१९३६ सालीं ध्वनिमुद्रित झालेली ‘कॅरव्हॅन’ ही प्रसिद्ध रचनाहि याच वर्गांतली. मूळ कल्पना ह्वान टिझोल या पोर्टो रिकोच्या ट्राँबोनवादकाची. वाळवंट, उंटांचा तांडा, पूर्वेकडील रात्र, हें सर्व तींत आहे. आणि तें सर्व चित्रपटांतून व गोष्टींच्या पुस्तकांतून आलेलें आहे. रचना उत्तम, पण पूर्व काल्पनिक.

याच्या उलट, जें खरोखर पाहिलें किंवा ऐकलें त्याचें संगीत करण्याची हातोटीहि एलिंग्टनपाशीं होती. त्याचें आयुष्य प्रवासांत गेलें. पुढें पुढें तर तो वाद्यवृंदाच्या गाडींतून न जातां, हॅरी कार्नी या आपल्या बॅरिटोन सॅक्सोफोन वाजविणाऱ्या जुन्या सोबत्याच्या मोटारींतून जाई. कार्नी हांकी, एलिंग्टन शेजारीं बसून विचार करी. फ्लॉरिडांत एका संध्याकाळीं अशाच प्रवासांत एका पक्ष्याची शीळ कानीं पडली; त्यानें ती टिपून घेतली, आणि तिच्यापासून ‘सनसेट अँड द मॉकिंगबर्ड’ ही रचना झाली. काजवे व बेडूक यांच्या मेळ्यावर एक, उत्तर ध्रुवाकडील प्रकाशावर एक, गुलाबाच्या एकाच पाकळीवर एक, अशा सहा रचनांची त्यानें व स्ट्रेहॉर्ननें मिळून एक माला केली. १९५८ सालीं इंग्लंडांत राणी एलिझाबेथची भेट झाली होती. तिच्या स्मरणार्थ ही ‘क्वीन्स स्वीट’. १९५९ सालीं ती ध्वनिमुद्रित करून तिची एकच तबकडी काढविली व ती राणीकडे पाठविली. एलिंग्टनच्या हयातींत ती विक्रीस आलीच नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर, १९७६ सालीं, ती लोकांच्या हातीं पडली. एवढें चांगलें काम करून तें सतरा वर्षें एका घरांत ठेवून देणारा कलावंत विरळाच.

स्ट्रेहॉर्नविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. त्याचा जन्म ओहायो प्रांतांतील डेटन येथें १९१५ सालीं झाला. बाळपणाचे कांहीं सुखाचे दिवस उत्तर कॅरोलायनांत आजीच्या घरीं, तिच्या फुलझाडांत गेले. १९३८ च्या अखेरीस पिट्सबर्ग येथें तो एलिंग्टनला भेटला. आपल्या हार्लेममधल्या घरीं कसें यावें, कोणती भुयारी गाडी धरावी, हें एलिंग्टननें त्याला सांगितलें. त्या पत्त्याचेंच स्ट्रेहॉर्ननें गाणें केलें. ‘टेक द ए ट्रेन’ या नांवाची ती चाल १९४१ पासून वाद्यवृंदाची ओळखीची धून होऊन बसली. पुढें जवळजवळ तीस वर्षें दोघांनीं मिळून जें लिहिलें त्यांत एकाचें कोठें संपतें व दुसऱ्याचें कोठें सुरू होतें, हें वाजविणाऱ्यांनाहि पुष्कळदां सांगतां येत नसे. फलकावर मात्र एलिंग्टनचें नांव मोठें असे.

अशा या दोघांना १९६३ सालीं अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यानें पूर्वेकडे पाठविलें. हेतु उघड राजकीय होता. १९५६ पासून हें खातें जॅझच्या वादकांना परदेशीं धाडीत होतें. डिझी गिलेस्पी पहिला. १९५८ सालीं डेव्ह ब्रूबेक हिंदुस्थानांत येऊन गेला व परत जाऊन त्यानेंहि प्रवासाच्या आठवणींची एक तबकडी काढली. रशियाशीं शीतयुद्ध चाललें होतें. अमेरिकेंत काळ्या माणसाला कसें वागविलें जातें याचा बोभाटा जगभर झाला होता. त्याला उत्तर म्हणून काळ्या कलावंतांनाच देशाचे प्रतिनिधि करून फिरवावें, ही ती युक्ति. लुई आर्मस्ट्राँगनें तर १९५७ सालीं लिटल रॉक येथील प्रकारानंतर रशियाचा दौरा सरळ नाकारला होता. एलिंग्टननें नाकारला नाहीं. २८ ऑगस्ट १९६३ रोजीं वॉशिंग्टन येथें नागरी हक्कांसाठीं प्रचंड मोर्चा निघाला. त्याच महिन्यांत शिकागो येथें एलिंग्टनचा ‘माय पीपल’ हा कृष्णवर्णीयांच्या शतकभराच्या वाटचालीवरील प्रयोग चालू होता. आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत तो दमास्कसमध्यें अमेरिकेचा सांस्कृतिक दूत म्हणून पियानोपुढें बसला होता. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅम येथील प्रार्थनामंदिरांत बाँब फुटून चार मुली ठार झाल्या. वाद्यवृंद त्या वेळीं पश्चिम आशियांत होता. मुक्कामोमुक्कामीं पत्रकार त्याला याच गोष्टींविषयीं विचारीत. आणि सरकारचा पाहुणा व अन्याय सोसणाऱ्या समाजाचा घटक अशा दोन्ही नात्यांनीं त्याला बोलावें लागे. या दौऱ्याच्या आठवणी केवळ सहलीच्या आठवणी नव्हत्या, हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

दमास्कस, अम्मान, जेरुसलेम, बैरूत, काबूल करीत मंडळी दिल्लीस आली. तेथें एलिंग्टन आजारी पडला व कांहीं दिवस रुग्णालयांत राहिला. पुढें हैदराबाद, बंगलोर, मद्रास, मुंबई, कलकत्ता. मग सिलोन, डाक्का, लाहोर, कराची.

मुंबईला हें संगीत १९६३ च्या ऑक्टोबरांत प्रथम ऐकूं आलें असें मात्र नव्हे. १९३५ सालीं लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णी वादकांचा संच घेऊन ताजमहाल हॉटेलांत आला होता. मागून टेडी वेदरफोर्ड हा निष्णात पियानोवादक आला, आणि १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें वारला. त्यांच्या हातांखालीं व त्यांच्या तबकड्या ऐकून गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची एक पिढीच्या पिढी तयार झाली. स्वरलेखन वाचण्याचें शिक्षण या मुलांना चर्चच्या शाळेंत मिळालेलें असे. त्यामुळें एलिंग्टनच्या चाली कागदावरून उचलणें त्यांना जड गेलें नाहीं. मुंबईंत दारूबंदी आल्यावर हॉटेलांतलीं कामें आटलीं आणि हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांत अधिकाधिक वळले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ चित्रपटांत, १९५१ सालीं, तुतारीच्या सुरांचा जो उल्हास आहे त्यामागें चिक चॉकोलेट या गोमंतकीय वादकाचा हात होता. त्याचें खरें नांव आंतोनियो झेवियर वाझ.

योगायोग असा कीं, एलिंग्टनच्या संचांतल्या टेनर सॅक्सोफोन वाजविणाऱ्याचें नांव होतें पॉल गोन्साल्व्हिस. गोव्यांत व मुंबईंतल्या गिरगांव-धोबीतलावाच्या बाजूस गोन्साल्व्हिस नांवाच्या माणसांची वाण नाहीं. नांव वाचून कोणालाहि हा आपलाच गांववाला वाटावा. पण हा पॉल जन्मला मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, आणि त्याचे आईबाप आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांचे. एकाच पोर्तुगीज राज्यानें दोन समुद्रांच्या कांठीं दिलेलें तें एक आडनांव. याच गोन्साल्व्हिसनें १९५६ सालीं न्यूपोर्टच्या उत्सवांत एका रचनेंत सलग सत्तावीस आवर्तनें वाजवून एलिंग्टनची उतरती कळा थांबविली होती.

कराचीनंतर तेहरान, इस्फहान, कुवेत, बगदाद. बगदादमध्यें मुक्काम असतांनाच सत्तेसाठीं धुमश्चक्री उडाली व विमानांनीं राजवाड्यावर मारा केला. तरीहि कार्यक्रम झाला. नंतर तुर्कस्थान. अंकारा येथें असतांना २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडी यांच्या वधाची वार्ता आली, आणि पुढचा सगळा दौरा सरकारनें रद्द केला.

परत आल्यावर एलिंग्टननें घाई केली नाहीं, आणि इथेंच त्याचें शहाणपण दिसतें. पाहिलेल्या देशांचें संगीत उतरवून घ्यावयाचें नाहीं, हें त्यानें ठरविलें होतें. जें कानांवर व डोळ्यांवर पडलें तें आंत मुरूं द्यावें, त्याचें रूप पालटूं द्यावें, आणि मग वाजविणारे जे आहेत त्यांच्या हातांना मानवेल अशा आकारांत तें बाहेर येऊं द्यावें, अशी त्याची भूमिका. १९६४ च्या आरंभीं इंग्लंडांत चार रचना वाजविल्या गेल्या. बाकीच्या सावकाश आल्या. १९६४ सालीं जपानचा दौरा झाला, त्यांतून नववी आली. दरम्यान पाश्चात्य देशांत सतारीची मोठीच हवा पसरली होती. १९६५ च्या अखेरीपासून बीटल्सच्या गाण्यांतहि ती वाजूं लागली. एलिंग्टनच्या तबकडींत सतार नाहीं, तबला नाहीं, ऊद नाहीं. जीं वाद्यें हार्लेममध्यें होतीं तींच आहेत. ‘कॉटन क्लब’चा पडदा पुन्हां टांगावयाचा नाहीं, असा निश्चय यामागें असावा असें वाटतें. पहिल्याच रचनेचें नांव ‘टूरिस्ट पॉइंट ऑफ व्ह्यू’, म्हणजे प्रवाशाची दृष्टि. पाहुण्याला जेवढें दिसतें तेवढेंच दिसलें, हें इतक्या स्वच्छपणें कबूल करणारे प्रवासी लेखकांतहि थोडेच आढळतील.

रचना सगळ्या सारख्या उंचीच्या नाहींत. ‘ब्ल्यू पेपर’ ही ऐकून सोडून द्यावी अशी. ‘डेप्क’ ही जॉर्डनमध्यें पाहिलेल्या दबके नांवाच्या लोकनृत्यावरून झाली. चटपटीत आहे, इतकेंच. ‘अमाद’ हें नांव दमास्कसच्या आरंभींचीं अक्षरें उलटीं करून बनविलेलें. तींत लॉरेन्स ब्राउनचा ट्राँबोन शेवटाकडे असा आळवीत येतो कीं, मशिदीवरून येणारी बांग कानांत उभी राहते. पण बांगेची नक्कल तिथें नाहीं, दुरून ऐकणाऱ्या माणसाचें थबकणें आहे. ‘आग्रा’ कार्नीच्या बॅरिटोन सॅक्सोफोनला दिली आहे. ताजमहालावर जगांत जें कांहीं लिहिलें व गाइलें गेलें तें बहुधा नाजुक व साखरेंत घोळलेलें असतें. इथें सगळ्यांत भारी, जाड आवाजाचें वाद्य पुढें येतें आणि दगडाचें वजन, अंधार, विलाप असें कांहीं तरी सांगूं लागतें. शहाजहानानें आयुष्याचीं शेवटचीं आठ वर्षें समोरच्या किल्ल्यांत कैदेंत काढलीं, हें ज्याला ठाऊक आहे त्याला ही निवड विचित्र वाटणार नाहीं.

‘माउंट हारिसा’ ही लेबनॉनमधल्या जूनिये उपसागरावर उभ्या असलेल्या टेकडीची. माथ्यावर मेरीमातेची पांढरी मूर्ति आहे, खालीं निळा समुद्र. एलिंग्टन एकटा पियानोवर चढण चढूं लागतो, गोन्साल्व्हिस मध्यें लांब, वळणावळणाची उपज करतो, आणि अखेर पुन्हां एकटा पियानो. डोंगरावरून परततांना माणसें जशीं कमी बोलतात तसा तो शेवट आहे.

आणि ‘ब्ल्यूबर्ड ऑफ डेल्ही’. जिमी हॅमिल्टनचा क्लॅरिनेट मैनेचा तो स्वरसमूह घेऊन येतो. खालीं वाद्यवृंद आपल्या चालीनें चालला आहे आणि हें पांखरूं त्याच्याकडे ढुंकूनहि न पाहतां मधूनमधून तेंच बोलतें. शेवटीं तो निरोपाचा उद्धट सूरहि आहे. ज्या नऊ रचना या तबकडींत आहेत त्यांत एखाद्या स्थळाचा नाद प्रत्यक्ष उचललेला असा हाच. आणि तो राजवाड्यांतून नव्हे, खिडकीपाशीं आलेल्या पांखराच्या चोचींतून उचललेला.

राहतें ‘इस्फहान’. सबंध तबकडींत जॉनी हॉजेसच्या आल्टो सॅक्सोफोनवरची ही संथ रचना सर्वांत अधिक लोकप्रिय झाली, आणि तें योग्यच झालें. एक एक स्वर रेशमी धाग्यासारखा खालीं सुटत येतो. मध्येंच सारा वाद्यवृंद थांबतो, हॉजेस क्षणभर एकटा राहतो, आणि मग कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें पुढें जातो. ऐकतांना शाह अब्बासानें १५९८ सालीं राजधानी केलेलें तें नगर, निळ्या विटांचे घुमट, झायंदे नदीवरचा तेहतीस कमानींचा पूल, हें सगळें डोळ्यांपुढें येतें. गंमत अशी कीं, ही चाल स्ट्रेहॉर्ननें इस्फहान पाहण्यापूर्वींच लिहिली होती. १९६३ च्या जुलैंत, दौरा निघण्याच्या आधीं, ती ‘एल्फ’ या नांवानें ध्वनिमुद्रितहि झाली होती. एल्फ म्हणजे पाश्चात्य लोककथांतला, रानांत वावरणारा एक चिमुकला अद्भुत जीव. त्याचा इराणशीं कांहींएक संबंध नाहीं.

मग ही फसवणूक म्हणावी काय? कित्येक टीकाकारांना तसें वाटलें आहे. परंतु नांव बदलणारांनीं तें शहर पाहिल्यानंतर बदललें, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. ‘कॅरव्हॅन’मध्यें नांव आधीं होतें व पाहणें कधींच नव्हतें, येथें सूर आधीं आले, शहर मागून आलें, आणि त्या शहरांत उभे राहिल्यावर त्यांना आपलेच सूर ओळखूं आले. मनांतल्या एखाद्या प्रतिमेला तिचें गांव पुष्कळ उशिरां सांपडतें, असा अनुभव प्रवासाखेरीज इतरत्रहि येतो. इस्फहानच्या लोकांनीं या चालीवर हक्क सांगावा कीं नाहीं, हें त्यांनीं ठरवावें.

ती चाल संपूर्ण स्ट्रेहॉर्नची. मैनेची रचनाहि त्याचीच, हें पुढें त्याच्या हस्तलिखितांच्या अभ्यासावरून अधिक स्पष्ट झालें. तबकडीवर दोघांचीं नांवें जोडून आहेत. हा माणूस समलिंगी होता आणि त्या काळांत तें त्यानें लपविलें नाहीं. प्रसिद्धीच्या झोतांत उभें राहिला असता तर त्याची जबर किंमत द्यावी लागली असती. एलिंग्टनच्या सावलींत त्याला मोकळीक मिळाली व कीर्ति मिळाली नाहीं, हा हिशेब कोणत्या बाजूनें मांडावा यावर चरित्रकारांचें अजून एकमत नाहीं.

तबकडी भरली जात होती तेव्हां स्ट्रेहॉर्नला अन्ननलिकेचा कर्करोग झालेला होता. ३१ मे १९६७ रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, तो न्यूयॉर्क येथें वारला. ‘द फार ईस्ट स्वीट’ला १९६८ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तें पाहावयास तो नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आंत एलिंग्टननें त्याच्याच रचनांची एक तबकडी करावयास घेतली. एके दिवशीं काम आटोपलें, वादक आपआपलीं वाद्यें पेट्यांत भरूं लागले, खुर्च्या सरकूं लागल्या, बोलणें सुरू झालें. आणि एलिंग्टन पियानोपाशीं बसून एकटाच स्ट्रेहॉर्नची ‘लोटस ब्लॉसम’ वाजवूं लागला. त्याच्या हातून हीच चाल ऐकावयास स्ट्रेहॉर्नला फार आवडे. यंत्र अजून चालू होतें. तबकडींत तें वादन तसेंच ठेवलें आहे. आरंभीं मागें माणसांचे आवाज ऐकूं येतात, मग हळूहळू ते कमी होतात.